ओटीवरचा नंबर आणि माजघरातला नंबर

(अलिबाग येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मोबाईल नंबरवर बोलतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, तुम्ही तर तत्त्वज्ञान शिकवायचात ना?" त्यांचं बरोबर आहे. पण मला हा विषय पुस्तकात नाही सापडला, घरात सापडला. तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या पत्नीचं निधन झालं, त्यानंतर काही महिने मी तिच्या नंबरचं रिचार्ज करत राहिलो. का, ते तुम्हाला सांगायला नको. मग एकदा राहून गेलं, दुसऱ्यांदा राहून गेलं, आणि तो नंबर बंद पडला. मी म्हटलं, असू दे. साधारण वर्षाने पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, मामीच्या नंबरवर कुणा मुलाचा फोटो दिसतोय." मी त्या नंबरवर फोन लावला. एक तरुण मुलगा बोलला. म्हणाला, "काका, मी हा नंबर नवीन घेतलाय. पण तुमचे लई मेसेज येतात. गॅसचे येतात, तपासणीच्या रिपोर्टचे येतात, बँकेचे येतात."

झालं होतं असं, की आमच्या दोघांच्या संयुक्त खात्याला तिचाच नंबर जोडलेला होता. घरातलं ते सगळं तीच बघायची. माझ्या खात्यातली शिल्लक त्या अनोळखी मुलाला माझ्या आधी कळत होती. मुलगा भला होता. औषधांच्या एका ॲपवर तिचं खातं होतं, ते बंद करायचं तर ओटीपी लागणार, आणि तो जाणार त्याच्याकडे. त्याने तो मला फोनवर वाचून दाखवला. सगळे आपल्याला सांगतात, ओटीपी कुणाला सांगू नका. इथे एक परका मुलगा माझ्या बायकोचा ओटीपी मला सांगत होता. तो भला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या रात्री केला. हे व्याख्यान म्हणजे तो विचार आहे.

आता एक नियम सांगतो, तो घरी जाऊन सगळ्यांना सांगा. बंद झालेला मोबाईल नंबर कायमचा मरत नाही. किमान ९० दिवस तो कुणाला दिला जात नाही, त्यानंतर कंपनी तो नव्या ग्राहकाला देऊ शकते. आकडे दहाच, माणसं शंभर कोटींच्या वर, त्यामुळे नंबर पुन्हा वापरावेच लागतात. यात कुणाची लबाडी नाही. पण आपण ज्या ज्या ठिकाणी तो नंबर देऊन ठेवलाय, त्या ठिकाणांना माणूस बदलल्याचं कळत नाही.

डिरेक्टरीचं कोडं

तुमच्यातल्या साठीपुढच्या मंडळींना टेलिफोन डिरेक्टरी आठवत असेल. जाडजूड पुस्तक. त्यात नाव, पत्ता आणि फोन नंबर, तिन्ही छापलेलं. कुणीही उघडावं आणि बघावं. उलट आपलं नाव डिरेक्टरीत आलं की लोकांना बरं वाटायचं. मग कोडं असं, की तेव्हा सगळ्यांचे नंबर उघडे होते तरी बिघडत नव्हतं, आणि आज नंबर जपा म्हणून मी तुम्हाला सांगतोय. तेव्हाची माणसं भोळी होती का? नाही. तेव्हाचा नंबर वेगळी वस्तू होती.

तत्त्वज्ञानात आम्ही एक सवय लावून घेतो. एकाच शब्दाखाली दोन-तीन वेगळ्या गोष्टी दडल्या असतील तर त्या आधी सुट्या करायच्या. तसं करून बघू. आपला मोबाईल नंबर आज तीन कामं करतो.

पहिलं काम पत्त्याचं. मला गाठायचं असेल तर इथे फोन करा. दुसरं काम ओळखीचं. हा नंबर म्हणजे हा माणूस. तिसरं काम किल्लीचं. या नंबरवर आलेले सहा आकडे टाकले की बँक उघडते, सरकारी कागदपत्रं उघडतात, टपालपेटी उघडते.

डिरेक्टरीतला नंबर फक्त पत्ता होता. तोही माणसाचा नाही, घराचा. घर बदललं की नंबर बदलायचा. त्याने कुठलंही कुलूप उघडत नव्हतं. भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकाता ते दिल्ली. तेव्हापासून नंबर घराचा न राहता खिशातल्या माणसाचा झाला. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. सोय मोठी झाली, पण त्याबरोबर नंबर जन्मभराचा झाला, म्हणजे ओळख झाला. आणि ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या ऑनलाइन व्यवहारांना जादा पुरावा सक्तीचा केला. पुढे तो पुरावा बहुतेक ठिकाणी ओटीपीच्या रूपाने आला. म्हणजे नंबर किल्ली झाला.

आपल्या कोकणातली आडनावं बघा. चौलकर, रेवदंडेकर, नागावकर. नुसत्या आडनावावरून गाव कळतं. ही ओळख चारचौघात उघडी आहे आणि त्यात काही धोका नाही, कारण रेवदंडेकर म्हटल्याने कुणाच्या घराचं कुलूप उघडत नाही. पण आडनाव हेच कुलपाची किल्ली असतं तर? आज आपलं तेच झालंय. किल्ली गळ्यात अडकवून आपण फिरतोय, आणि बिलाच्या प्रत्येक काउंटरवर ती मोठ्याने वाचून दाखवतोय.

ॲपला नंबर कशाला हवा?

इथे न्यायाने बोललं पाहिजे. काही ठिकाणी नंबर खरोखर लागतो. घरी सामान पोहोचवणाऱ्याला फाटकाशी येऊन हाक मारायची असते. बँकेला व्यवहार कळवायचा असतो. खोटी खाती रोखायलाही नंबराचा उपयोग होतो, कारण सिमकार्ड घेताना ओळखपत्र द्यावं लागतं.

पण याखेरीज एक कारण आहे जे कुणी सांगत नाही. समजा कपड्याच्या दुकानाकडे एक यादी आहे, औषधांच्या ॲपकडे दुसरी, कर्ज देणाऱ्याकडे तिसरी. नावाने या याद्या जुळत नाहीत, कारण पाटील आणि म्हात्रे हजारो आहेत. ईमेल अनेक असतात. पण दहा आकडी नंबर तिन्ही याद्यांत तोच. तो शिवणीचा दोरा आहे. तो मिळाला की तुमचा सदरा, तुमची साखरेची गोळी आणि तुमचं कर्ज एकाच पानावर येतं.

हे कल्पनेतलं नाही. अमेरिकेत ट्विटर कंपनीने खातं सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून लोकांकडून फोन नंबर आणि ईमेल घेतले, आणि तेच जाहिराती नेमक्या माणसापर्यंत नेण्यासाठी वापरले. २०१३ ते २०१९ या काळातली ही गोष्ट. १४ कोटींहून जास्त लोकांनी अशी माहिती दिली होती. २०२२ साली कंपनीला १५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. लक्षात घ्या, नंबर चोरीला गेला नव्हता. लोकांनी आपण होऊन दिला होता. कुलपासाठी दिला, वापरला बाजारासाठी.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात खोट्या वचनाचं उदाहरण घेतलंय. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: ज्याला खरा हेतूच सांगितलेला नाही, त्याची त्या हेतूला संमती असूच शकत नाही. तो "हो" म्हणाला, पण दुसऱ्याच गोष्टीला. ॲपवर आपण जे "मान्य आहे" दाबतो, त्यातलं बरंचसं या जातीचं असतं.

मासळीवाली आणि काउंटर

तुम्ही म्हणाल, सर, मग नंबर कुणालाच देऊ नये की काय? तसं नाही. माझा नंबर इथल्या एका मासळीवालीकडे आहे. चांगलं पापलेट आलं की ती फोन करते. मला त्याचा आनंदच आहे. तोच नंबर तिने एखाद्या जमिनीच्या दलालाला दिला तर मला राग येईल. नंबर तोच, मग फरक कुठे पडला? हेलन निसेनबाउम नावाच्या विदुषी आहेत, त्यांनी २०१० च्या पुस्तकात हा मुद्दा फार नेमका मांडलाय. खासगीपणा म्हणजे माहिती लपवणं नव्हे. ज्या नात्यात, ज्या कामासाठी माहिती दिली, त्या नात्याच्या रीतीप्रमाणे ती वाहावी, म्हणजे खासगीपणा राखला गेला. डॉक्टरला आजार सांगायचाच असतो. डॉक्टरने तो नाक्यावर सांगायचा नसतो.

म्हणून प्रत्येक ॲपला तीन प्रश्न विचारा. हे काम नंबराशिवाय होतं का? नंबर दिला नाही तर नेमकं काय अडेल? आणि दिला तर तो आणखी कुठे जाईल?

पहिल्या प्रश्नाचं एक आपलंच उदाहरण देतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथे कुणी विसरलेलं नाही. आता वादळाचा इशारा द्यायची एक नवी पद्धत आलीय. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते, चाचणीचा संदेश म्हणून, आठवतंय? तो संदेश पाठवायला सरकारला तुमचा नंबर लागत नाही. टॉवरच्या टापूत जेवढे फोन, तेवढ्यांवर तो जातो. जीव वाचवण्याइतकं मोठं काम जर नंबर न विचारता होऊ शकतं, तर सदरा विकायला नंबर कशाला लागतो?

ओटी आणि माजघर

आता व्यवहाराचं बोलू. आपलं जुनं घर आठवा. अंगण, पडवी, ओटी, माजघर. येणारा-जाणारा ओटीवर बसतो, पाणी पितो, बोलतो. माजघरात घरची माणसं. यात पाहुण्याचा अपमान नाही, घराची रचनाच तशी आहे. नंबराचंही असंच करा. दोन नंबर ठेवा. एक माजघरातला. तो फक्त बँक, आधार, प्राप्तिकर, पेन्शन आणि अगदी जवळची माणसं यांच्यासाठी. दुसरा ओटीवरचा. तो ॲप, दुकानं, पार्सल, सोसायटीचे गट यांच्यासाठी. आणि ओटीवरच्या नंबरावर बँकेचा ओटीपी कधी येता कामा नये.

दुसऱ्या सिमला खर्च येतो, हे मला मान्य आहे. पण बहुतेक फोनमध्ये दोन सिमची जागा असते, आणि घरात मिळून एक ओटीवरचा नंबर ठेवला तरी चालतं. फक्त त्याचं रिचार्ज चुकवू नका, नाहीतर माझ्यासारखं होईल.

काही लोक तिसरी वाट सांगतात. इंटरनेटवर फुकट तात्पुरते नंबर मिळतात, तिथे ओटीपी घ्या. हे करू नका. त्या पानावर आलेला ओटीपी तुमच्यासारखा जगातला कुणीही वाचू शकतो. आणि उद्या ॲपने पुन्हा खात्री मागितली तर तो नंबर तुमच्या हातात नसतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. ॲप ईमेलवर खातं उघडू देत असेल तर ईमेल द्या, आणि "नंतर" किंवा "वगळा" असं बटण कोपऱ्यात कुठे आहे ते आधी शोधा. टेलिग्राममध्ये गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन आपला नंबर कुणालाही न दिसेल असं करता येतं. सिग्नलवर २०२४ पासून टोपणनाव घेऊन बोलता येतं. व्हॉट्सॲपच्या गटात मात्र तुमचा नंबर सगळ्या सदस्यांना दिसतो. गावाच्या, देवळाच्या, शाळेच्या मोठ्या गटांत लेकीसुनांचे नंबर शेकडो अनोळखी लोकांपुढे असतात, याचा विचार गट चालवणाऱ्याने करावा. फक्त सूचना द्यायच्या असतील तर व्हॉट्सॲपचं चॅनेल काढा, तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. आणि जिथे सोय असेल तिथे खात्याला ओटीपीबरोबर स्वतःचा एक पिनही लावून ठेवा, म्हणजे नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तरी दार लगेच उघडणार नाही.

दुसऱ्यांची ठेव

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ॲप विचारतं, "तुमचे कॉन्टॅक्ट बघू का?" आपण हो म्हणतो. माझ्या फोनमध्ये चारशे माणसांचे नंबर आहेत. ते माझे नाहीत. ती माझ्याकडे ठेवलेली ठेव आहे. ठेव परस्पर दुसऱ्याला द्यायचा अधिकार ठेवून घेणाऱ्याला नसतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. तुम्ही स्वतःचा नंबर कितीही जपा, तुमच्या मेव्हण्याने एक "हो" दाबला की तो गेला, तोही "साळ्याची बायको, ठाणे" अशा नावासकट.

याने काय होऊ शकतं, ते कर्जाच्या ॲपनी दाखवून दिलं. पाच-दहा हजारांचं कर्ज द्यायचं, फोनमधले सगळे नंबर उचलायचे, आणि हप्ता चुकला की नातेवाईकांना, कार्यालयात फोन करून बेअब्रू करायची. यात माणसं जिवाला मुकली आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावायचा नाही. तेव्हा असं ॲप कॉन्टॅक्ट मागत असेल तर ते तिथेच काढून टाका.

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. हा खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पुट्टस्वामी निवृत्त न्यायाधीश होते, आणि दावा दाखल करताना त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. आमच्या वयाच्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांच्या संघटनांना कळवलं, की बिल करण्यासाठी ग्राहकाकडे मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका. तेव्हा काउंटरवर "नंबर सांगा" म्हटलं, की हसून "नंबर नको, कागदाचं बिल द्या" म्हणा. भांडायची गरज नाही. मी म्हणतो, आणि मला बिल मिळतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. या कायद्यातच एक उदाहरण दिलंय, ते फार बोलकं आहे. कुणी फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारं ॲप घेतं. ॲप सल्ल्यासाठी माहिती मागतं आणि सोबत कॉन्टॅक्टची यादीही मागतं. ती व्यक्ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ल्यासाठी कॉन्टॅक्ट लागत नाहीत, म्हणून तिची संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल. बघा, कांटचा विचार कलमात उतरलाय.

कायद्याच्या बाजूने दोन आकडे पाठ ठेवा. फसवणूक झाली तर लगेच १९३०. जाहिरातीचे फोन थांबवायला १९०९. आणि "संचार साथी" या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघता येतं. आपलं नसलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवा.

ज्यांना स्वतःचा नंबरच नाही

शेवटी एक गोष्ट. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले तेव्हा आपल्या वाड्यांवर, कोळीवाड्यांत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. अर्जाला नंबर हवा. मग कुणी मुलाचा दिला, कुणी शेजाऱ्याचा. पुढे वर्षभराने ई-केवायसी आलं, तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी जाणार. आणि तो फोन कुणाकडे? मुंबईला नोकरीला गेलेल्या मुलाकडे, किंवा बोटीवर गेलेल्या नवऱ्याकडे. बाईच्या हक्काची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. तेव्हा नंबर जपा हे सांगणं अर्धंच आहे. आधी प्रत्येकीचा माजघरातला नंबर तिचा स्वतःचा असू द्या. आणि घरात कुणी गेलं, तर तेराव्यानंतरच्या कामांच्या यादीत एक ओळ वाढवा: नंबर कुठे कुठे जोडलाय ते बघून तो बदलून घ्यायचा, आणि मगच बंद होऊ द्यायचा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न: सर, आमचं नागावला घरगुती राहण्याजेवण्याचं आहे. नंबर फाटकावरच रंगवलेला आहे. आम्ही काय लपवणार?

उत्तर: लपवू नका, तो तुमचा धंदा आहे. पण फाटकावरचा नंबर आणि बँकेचा नंबर वेगळा ठेवा. आणखी एक. पैसे घेण्यासाठीचा यूपीआय आयडी अनेकदा मोबाईल नंबरचाच असतो. ॲपमध्ये दुसरा, नंबर नसलेला आयडी करता येतो. तो करून त्याचा क्यूआर लावा, म्हणजे पाहुण्याला खोलीचे पैसे देताना तुमचा माजघरातला नंबर कळणार नाही.

प्रश्न: माझा नंबर वीस वर्षांचा आहे. तो सगळीकडे गेलेलाच आहे. आता जपून काय उपयोग?

उत्तर: बाई, हा प्रश्न मीही स्वतःला विचारला. पत्ता एकदा लोकांना कळला की परत गोळा करता येत नाही. पण किल्लीचं काम त्याच्याकडून काढून घेता येतं. वीस वर्षांचा नंबर तसाच चालू ठेवा, मैत्रिणी त्यावरच फोन करणार. एक नवा नंबर घ्या, तो कुणालाही सांगू नका, आणि बँक, आधार, पेन्शन तिकडे हलवा. एका दिवसात होणार नाही. मला दीड महिना लागला, चार कार्यालयांत खेपा घातल्या. आता माझा जुना नंबर ओटीवर आहे. खुशाल कुणीही येऊन बसावं.